ताटाखालचा ठिपका

ताटं एकशे साठ होती. त्यांतली सत्तर आधी उचलली गेली, मग आणखी छत्तीस. ढिगात चोपन्न उरली. व्हरांड्यात दोन रांगांत बसलेली मुलं एकशे सहा. आणि खांबापाशी, रिकाम्या हातांनी उभी असलेली तेरा. करुणाने पुन्हा मोजलं. आकडे तेच आले. तेरा मुलं, चोपन्न ताटं, आणि तरी ताट घ्यायला कुणी पुढे होत नव्हतं. पातेल्याचं झाकण उघडं होतं, खिचडीची वाफ पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हात पिवळी दिसत होती. सारजाबाई डाव हातात धरून थांबली होती. "घ्या की रे लेकरांनो, गार व्हायलीय," ती म्हणाली. पोरं हलली नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, राग नव्हता. बस येईपर्यंत माणसं थांब्यावर उभी राहतात तशी ती उभी होती. करुणाने ढिगातलं वरचं ताट उचललं आणि सगळ्यांत पुढे असलेल्या सोनियाच्या हातात दिलं. तिसरीतली सोनिया, दोन वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली. तिने ताट दोन्ही हातांनी, रीतीने घेतलं. मग ते उलटं केलं, काठाखालून अंगठा फिरवला, आणि फुटेल-बिटेल अशा बेताने परत ढिगावर ठेवलं.

"बाई, हे त्यांचं हाय."

"कुणाचं?"

"त्यांचं." सोनियाने मानेनेच भिंतीकडची रांग दाखवली. बोट दाखवलं नाही. माणसाकडे बोट दाखवू नये, हे करुणानेच तिला शिकवलं होतं.

करुणाने ढिगावरून ते ताट पुन्हा उचललं. उलटं करून पाहिलं. ठिपका नव्हता. असणारच नव्हता. शनिवारी शाळा सुटल्यावर स्वयंपाकाच्या खोलीचं दार लावून तिने स्वतः नव्वद ताटांचे नव्वद ठिपके पुसले होते. आधी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून वरून तारेच्या घासणीने. बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत. मग कोरी ताटं आणि पुसलेली ताटं पत्त्यांसारखी एकमेकांत पिसून तिने एकच ढीग रचला होता आणि मागे सरून बघितलं होतं. एकशे साठ ताटं, सगळी सारखी. रविवार तिने त्या समाधानात काढला होता. आता ताट उन्हात तिरकं धरल्यावर तिला दिसलं. वर्षानुवर्षांच्या राखेने आणि पावडरीने ताटाचं बूड करडं, मंद झालं होतं. आणि त्या करड्यात, काठापासून दोन बोटं आत, रुपयाएवढी एक गोल जागा लख्ख चमकत होती. ताटाची बाकी सगळी पाठ मळकट, तेवढीच जागा नवी. तिने ताट जवळ घेतलं तेव्हा त्या गोलात तिला स्वतःचं नाक दिसलं. दुसरं ताट उचललं. तिसरं. लाल ठिपका निदान शोधावा लागायचा. हे तर आंधळ्यालाही अंगठ्याने कळलं असतं. घासलेली जागा इतर पोलादापेक्षा गुळगुळीत लागत होती. मुलांनी ते सकाळीच शोधून काढलं असणार. कुणी शिकवलं नसेल. पोरांना खूण असते एवढं माहीत झालं, की ती कशीही, कुठेही असो, ती शोधून काढतात.

आणि आज चार वाजेपर्यंत शाळा समितीच्या सांडूभाऊंना आकडा कळवायचा होता.

अंडी दिवाळीनंतर आली होती. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खिचडीबरोबर एक उकडलेलं अंडं. जे खात नाहीत त्यांना केळं. सरकारचा निर्णय वर्तमानपत्रात आला त्या दिवशी करुणाला झालेला आनंद तिने कुणाला सांगितला नव्हता, कारण तो सांगण्याजोगा नव्हता. ती मानधनावरची विज्ञानशिक्षिका. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन चिकलठाण्याच्या पलीकडच्या या महापालिकेच्या शाळेत बारीक मनगटांच्या मुलांना चुंबकाचे ध्रुव शिकवत होती. दर महिन्याला मुलांची वजनं घ्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि चौथीतली मोनाली सलग पाच महिने एकोणीस किलोवर थांबली होती, काटा बिघडलाय की काय म्हणून करुणाने त्यावर स्वतः उभं राहून पाहिलं होतं. काटा ठीक होता. म्हणून अंडी आली तेव्हा तिला वाटलं, काहीतरी हलेल. पहिल्या शुक्रवारी त्र्याऐंशी मुलांनी अंडं घेतलं, त्रेचाळीस जणांनी केळं. मोनालीला पिवळं आवडायचं, सोनियाला पांढरं. दोघींनी मिळून दोन अंड्यांची अशी वाटणी केली, की एकीच्या ताटात दोन पिवळे गोळे आणि दुसरीच्या ताटात चार पांढऱ्या वाट्या. सारजाबाईच्या गळ्यात माळ. करुणाने विचारलं, "सारजाबाई, तुम्हाला चालतं का हे?" तर ती टोपात अंडी सोडत म्हणाली, "म्या खात नाय, उकडते. न्हावी साऱ्या गावाचं डोस्कं भादरतो, म्हून काय सोता टकला असतो का?" त्या दिवशी व्हरांड्यात एकच गोंधळ होता. पोरं कुठेही बसली होती. कोण कुणाशेजारी, हे मोजायचं करुणाच्या मनातही आलं नव्हतं. नंतर तिला वाटत राहिलं, तेवढा एक आकडा आपल्याकडे नाही. सुरुवातीचा.

तिसऱ्या शुक्रवारी सत्यमच्या ताटात अंडं पडलं. वाढताना सारजाबाईचा हात चुकला, पोरगं बोललं नाही, खाऊन मोकळं झालं. त्याच्या बापाने श्रावणात माळ घातली होती. दुसऱ्या दिवशी आई आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती व्हरांड्यात बसून रडली. "माझं लेकरू बाटवलं वो तुमी," एवढंच म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची. हेडमास्तर दांडगे सर रुमालाने मान पुसत होते. सत्यम आईच्या मागे उभा राहून शर्टाचं बटण चावत होता. त्याला अंडं आवडलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि आवडल्याची भीतीही दिसत होती. करुणाला त्या बाईचं दुःख खरं वाटलं. तिच्या घरी हे चालत नव्हतं, तिचा शब्द मोडला होता, चूक शाळेची होती. चूक झाली तर ती पुन्हा होणार नाही अशी रीत बसवायची, हे करुणाला विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने शिकवलं होतं. तिथे दोन बीकर सारखेच दिसायचे, दोन्हींत पाण्यासारखं काहीतरी, आणि तिचे सर म्हणायचे, खूण नसलेला बीकर ही अपघाताची सुरुवात असते. ज्यात काही घातलंय त्याला खूण करायची. ज्यात काही घातलं नाही तो कोरा ठेवायचा. तोच कोरा बीकर मग सगळ्यांचं माप ठरतो.

मार्करची शाई धुण्यात टिकत नाही. नेलपॉलिश टिकतं. मामेबहिणीच्या लग्नात घेतलेली एक लाल बाटली घरात पडून होती. नव्वद ताटं दोन पोत्यांत भरून ती पुंडलिकनगरला घेऊन आली आणि रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून कामाला लागली. राजकुमार, तिचे वडील, चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, खुर्चीत बसून बघत होते.

"हे काय करायलीस, पोरी?"

तिने सांगितलं.

"आतून लावायचा का बाहेरून?"

"बाहेरून, बुडाला. दिसायला नको."

"दिसायला नको, तर लावायचा कशाला?"

ती हसली. "सारजाबाईंना दिसला म्हणजे झालं, पप्पा." ते आणखी काही म्हणतील असं वाटून ती थांबली, ब्रशच्या टोकावर लाल थेंब फुगत गेला. ते उठले आणि आत जाऊन त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिने थेंब ताटावर टेकवला. तो छान, गोल पडला. त्या दुपारी एकदाही तिच्या मनात आलं नाही, की खूण अंडं खाणाऱ्यांना केली, केळं खाणाऱ्यांना का नाही. प्रयोगशाळेची रीतच तशी. काही मिसळलेला तो वेगळा, कोरा तो मूळ. हे वाक्य तिला नंतर, फार नंतर, स्कूटी चालवताना ऐकू आलं, जणू मागच्या सीटवर बसून कुणी म्हणावं तसं, आणि तिने आरशात बघितलं होतं.

ठिपक्यांनी काम चोख केलं. पुन्हा चूक झाली नाही. वाढायला सोपं जावं म्हणून ठिपक्याची ताटं भिंतीकडे आणि कोरी ताटं कठड्याकडे बसवायला लागले, मधे सारजाबाईला बादली घेऊन चालायला शहाबादी फरशीची एक ओळ मोकळी. करुणाने ती फरशी मापली होती, एक फूट. शाळा समितीचे अध्यक्ष सांडूभाऊ ते बघायला आले. त्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, आलेल्या पैशाचे त्यांनी प्लॉट पाडले होते; माणूस गोड, आवाज कधी चढत नसे, आणि मुलांच्या डोक्यावर हात फिरवल्याशिवाय ते व्हरांड्यातून जात नसत. त्यांनी एक ताट उलटं करून ठिपका पाहिला, बोटाने खरवडून पाहिला.

"मॅडम, तुमी बीएस्सी का एमएस्सी?"

"एमएस्सी."

"तरीच. हे डोस्कं आमच्या सात पिढ्यांत नाय. ना कुणाचं मन दुखायचं, ना कुणाचं पोट." त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला. ताटाचा, आणि ताट धरलेल्या करुणाच्या हाताचा. तो फोटो कुठे कुठे गेला ते तिला कधीच नीट कळलं नाही. आधी तो स्थानिक पानावर छापून आला, 'शाळेचा अभिनव तोडगा'. मग आमदारांच्या भाषणात आला. हिवाळ्यात एका संस्थेने शाळेतल्या अंड्यांविरुद्ध क्रांती चौकातून मोर्चा काढला, भगव्या टोप्या, टाळ, हातात कोंबडीचं चित्र आणि त्यावर फुली. त्या संस्थेच्या महाराजांच्या शेजारी मंत्री बसलेले लोकांनी टीव्हीवर पाहिले. आठवड्याभराने शिक्षणखात्याचं पत्रक आलं: अंडी चालू राहतील, मात्र ताटांना ओळखू येईल अशी खूण करावी व बैठक स्वतंत्र असावी. दांडगे सरांनी ते करुणाला मोबाइलवर दाखवलं. "बघा, तुमचा ठिपका आख्ख्या राज्यात पोचला. मॅडम, पार्टी पाहिजे." तिने ते वाक्य वाचलं. तिचं नाव कुठेही नव्हतं, आणि तरी तिला वाटलं, आपलं अक्षर आहे हे. ती दुपार तिला आठवते ती वासाने. नेलपॉलिशचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास तिला वर्गात आला. तिने खिडक्या उघडल्या, तरी गेला नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी अंडी उरायला लागली. त्र्याऐंशीची सत्तर झाली, सत्तरची अठ्ठावन्न. मुलं आदल्या दिवशीपर्यंत ठिपक्याच्या ताटात खायची आणि एका शुक्रवारी गुपचूप कठड्याकडच्या रांगेत जाऊन बसायची. ज्यांच्या घरी खंडोबाला बकरं पडतं हे सगळ्या वस्तीला ठाऊक, त्यांची पोरं पण. करुणाने एकाला विचारलं, "काय रे, अंडं आवडत नाही का आता?" तो म्हणाला, "आवडतं की. आमी घरी खातो बाई, शाळेत नाय खात." त्याने हे अगदी सहज सांगितलं. हळूहळू कोरी ताटं अपुरी पडायला लागली. सत्तरच होती ती, आणि कठड्याकडची रांग सत्तरच्या पुढे गेली. मग पाच-सहा पोरं, मग दहा, मग अठरा, पहिल्यांचं जेवण होऊन ताटं धुऊन येईपर्यंत खांबापाशी थांबायची. शेजारी ठिपक्याच्या ताटांचा ढीग. तिने दोनदा सांगून पाहिलं, की आज केळंच आहे, कोणतंही ताट घ्या. "चालतंय बाई, आमी थांबतो," पोरं म्हणायची. मोठ्या माणसांसारखी, समजुतीने. एका शुक्रवारी त्या उभ्या पोरांत सोनिया होती. तिच्या हातात आता चार पांढऱ्या वाट्या येणार नव्हत्या. मोनाली भिंतीकडे बसली होती, तिच्या ताटात एक अख्खं अंडं, आणि तिने ते फोडलं, आतला पिवळा गोळा खाल्ला आणि पांढरं तसंच ठेवलं. शेवटपर्यंत ठेवलं. मग सारजाबाईने ते कुत्र्याला टाकलं.

शेवटच्या शुक्रवारी अंडं घेणारी अडतीस होती. मग दुसरा निर्णय आला. अंड्यांसाठी सरकार यापुढे निधी देणार नाही. ज्या शाळांना द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत. खूण आणि बैठकीचं आधीचं पत्रक मात्र रद्द झाल्याचं कुठे म्हटलं नव्हतं. करुणाला वाटलं होतं, आता रांगा आपोआप विस्कटतील. सगळ्यांच्या ताटात तीच पिवळी खिचडी, तीच बारकी मुगाची डाळ. वेगळं बसायला कारण उरलं नाही. कारण काढून घेतलं की परिणाम थांबतो, हे सहावीच्या पुस्तकात आहे. पहिल्या सोमवारी मुलांनी ताटं उलटी करून पाहिली आणि दोन रांगांत बसली. मधल्या मोकळ्या फरशीच्या दोन ओळी झाल्या होत्या. सारजाबाई म्हणाली, "बरंच हाय, बादली धडकत नाय." पण तिनेही मग त्या दोन ओळींकडे बघितलं, आणि माळेचा मणी बोटात धरला.

व्हरांड्याचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. दुरुस्तीची फाइल महापालिकेत, महापालिका म्हणे राज्याकडे, राज्य म्हणे पुढच्या वर्षी. आणि आता मोर्चावाली तीच संस्था जेवणाची शेड बांधून देणार होती. पक्का पत्रा, फरशी, पाण्याची मशीन. अट एकच, आवारात अंडं शिजणार नाही. आणि ते तर आता शिजतच नव्हतं. गेल्या शुक्रवारी समितीच्या बैठकीत सांडूभाऊंनी आराखडा टेबलावर पसरला. लांब शेड, आणि तिच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सिमेंटचा एक बुटका ओटा. त्यावर तुळशीच्या कुंड्या. ओट्याच्या दोन्ही अंगांना मुलं बसणार.

"हा ओटा कशाला?" करुणाने विचारलं. आपला आवाज बारीक झाला हे तिला ऐकू आलं.

"शोभेला वो मॅडम. पोरं अशीच तर बसतात." सांडूभाऊ हसले. "तुमीच बसवलीत की."

"अंडी बंद झालीत. आता एकत्र बसू शकतात."

दांडगे सर कुजबुजले, "करुणा मॅडम, छप्पर भेटतंय, मुकाट्यानं घ्या. पाऊस आला तर तुमच्या ओंजळीत जेवणारेत का लेकरं?"

सांडूभाऊंनी हात वर केला. "नाय नाय, सर, बोलू द्या. शिकलेलं माणूस हाय. मॅडम, जबरदस्ती कुणावरच नाय. असं करू. सोमवारी तुमी सोता मापा. पोरं एकत्र बसली, तर वटा काटून टाकू, माझा शब्द. वेगळी बसली, तर मधे जेवढं अंतर तेवढा वटा. चार वाजता ठेकेदार आखायला यायलाय, त्याच्या आधी व्हॉट्सॲपला आकडा टाका. दुसऱ्या कुणाचं माप मला नगं. तुमच्या मापावर माझा भरवसा हाय."

हे न्याय्य आहे, असं तिला वाटलं. हीच तर प्रयोगाची रीत. आधी अट ठरवायची, मग मापायचं, मग जे येईल ते मान्य करायचं. घरी जाताना ती जवळजवळ आनंदात होती. शून्य. तिला शून्य पाठवायचं होतं, आणि खरं शून्य पाठवायचं होतं. फक्त ठिपके जायला हवे होते. सांडूभाऊंच्या चेहऱ्यावरची ती स्वस्थता तिला तेव्हा दिसली होती, पण तिने तिचा विचार केला नाही. ज्याला उत्तर माहीत असतं तो माणूस प्रयोगाला कधी घाबरत नाही, हे तिला आज, ढिगासमोर उभी असताना कळत होतं.

आणि आजोबांचा पेला, तोही आजच का आठवावा. कचरू आजोबा, पैठणकडच्या खेड्यातले, कालव्याच्या खोदकामावर आयुष्य गेलेले. ती लहान असताना ते तिला पैठणच्या एसटी स्टँडवर चहा पाजायला न्यायचे आणि पिशवीतून आपला जर्मनचा पेला काढून पुढे धरायचे. हॉटेलवाला पोरगेला, नव्या जमान्याचा, म्हणायचा, "बाबा, कप घ्या की. आता काय राह्यलंय तसलं." आजोबा म्हणायचे, "असू द्या, सवय हाय." आणि पेला जरा खाली, जमिनीकडे धरायचे, वरून धार पडावी म्हणून. करुणाला वाटायचं, आजोबा किती स्वच्छ राहतात. पाचवीत 'माझी स्वच्छतेची सवय' या निबंधात तिने तो पेला लिहिला, दुसऱ्यांच्या उष्ट्या कपात आजोबा चहा पीत नाहीत म्हणून. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. पप्पांनी निबंध वाचला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. तिला परत कधी दिला नाही. तिने मागितलाही नाही. कुणी अडवत नव्हतं, कुणी काही म्हणत नव्हतं, कप समोर होता, आणि म्हातारा पेला खाली धरत होता. किती खाली? वीतभर? दोन वीत? तेही तिने मोजलं नव्हतं.

"बाई, वाढू का न्हाय?" सारजाबाईने विचारलं.

करुणाने ढिगातलं ताट घेतलं, चमकत्या गोलाचं, आणि पुढे केलं. "मला वाढा." सारजाबाईने तिच्याकडे बघितलं, मग एक डाव वाढला. करुणा दोन रांगांच्या मधे, मोकळ्या फरशीवर, मांडी घालून बसली आणि खायला लागली. खिचडी गार झाली होती, मीठ जरा जास्त होतं. मग, बाई बसल्या म्हणून, त्यांना ऐसपैस व्हावं म्हणून, भिंतीकडची पोरं आदबीने भिंतीकडे सरकली आणि कठड्याकडची कठड्याकडे. कुणीतरी कुणाला कोपराने ढोसलं, "सरक की बे, बाईला जागा दे." ताटं फरशीवर घासत गेल्याचा आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. तिने मान खाली घालून सगळी खिचडी खाल्ली. ती उठली तेव्हा कुणी परत पुढे सरकलं नाही.

पहिल्या मुलांची कोरी ताटं धुऊन आली, तशी खांबापाशी थांबलेली तेरा मुलं ती घेऊन रिकाम्या झालेल्या जागांवर, कठड्याकडे, जाऊन बसली. त्यांत सोनिया. नेमकी तिच्या समोर, भिंतीशी, मोनाली अजून जेवत होती. ती सगळं सावकाश खायची. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. भांडण झालेलंही नव्हतं. करुणाला आठवलं, पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाला शेजारची मुलगी कुजबुजली होती, अगं, उत्तर माहितीये ना, मग आकडा तसा लिही, कोण बघतंय. तिने आपल्याला आले तेच आकडे लिहिले होते आणि गुण घालवले होते, आणि घरी येऊन पप्पांना सांगितलं होतं, आणि पप्पांनी त्या दिवशी मुद्दाम जिलबी आणली होती. आताही कोण बघतंय. बाकी सगळ्यांना घाई होती, ठेकेदार चार वाजता येणार होता, आणि सांडूभाऊंचा भरवसा तिच्यावर होता. फोन तिच्या हातात गरम झाला होता. वर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

तिने कपाटातून उंची मापायची टेप आणली. एक टोक सोनियाच्या हातात दिलं, गुडघ्यापाशी धरायला सांगितलं. दुसरं टोक मोनालीला. "ताणून धरा गं दोघी. ढिलं सोडू नका." दोघींनी हात पुढे केले. टेप मधोमध थोडी झोळ खात होती. सोनियाने ती स्वतःकडे ओढली, मोनालीने स्वतःकडे, आणि ती सरळ झाली. पांढरी पट्टी दोघींच्या मधे ताठ उभी राहिली. मोनाली हळूच म्हणाली, "सोने, तुझी रिबीन सुटलीय." सोनियाने टेप न सोडता मान हलवली.

करुणा खाली वाकली. चूक राहू नये म्हणून तिने माप तीनदा घेतलं. एकशे एकवीस. एकशे तेवीस. एकशे बावीस.

सरासरी, एकशे बावीस सेंटिमीटर.